तबला कुणाचा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सतार वाजवते. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'कुणाकडे शिकलात?' आणि त्याच्या पुढचा, 'कुठल्या कंपनीची कॅसेट आहे?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की, आमच्या गावात शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे, त्यांना जेवढं येत होतं तेवढं. दुसऱ्याचं उत्तर, कुठल्याच नाही. मी कुठल्या घराण्याची नाही, कुठल्या कंपनीची नाही. लग्नाच्या स्वागत समारंभात वाजवते, गणपतीत वाजवते, घरी दहा-बारा मुलांचा वर्ग घेते आणि जमेल तेव्हा स्वतःच्या पैशानं स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करते. अशा लोकांना हल्ली 'स्वतंत्र कलावंत' म्हणतात. शब्द छान आहे. त्यातलं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे भिशीचा नंबर लागेपर्यंत स्टुडिओवाल्याला थोपवून धरावं लागतं तेव्हा कळतं.

पण आज सांगायचं आहे ते एका भेटीबद्दल. ज्या माणसामुळे मी सतार हातात घेतली, तो माणूस मला ध्यानीमनी नसताना भेटला. मिरजेला, एका सतारमेकरांच्या दुकानात, २००५ साली. त्या माणसाचं नाव मी सांगणार नाही. ज्या गाण्यामुळे हे सगळं घडलं, त्या गाण्याचंही नाही. लपवाछपवी म्हणून नव्हे. कारण पुढं येईलच.

माझे वडील साखर कारखान्यात होते. घरात एक मर्फीचा रेडिओ. विविध भारती सुरू झाली ती १९५७ साली. आमच्या घरात ती मला कळायला लागल्यापासून होतीच. तिथं साठच्या दशकातलं एक गाणं लागायचं. दोन कडव्यांच्या मध्ये सतारीचा एक तुकडा होता. फार तर सात-आठ सेकंदांचा. सतार मध्यमावरून पायरी पायरीनं तार षड्जापर्यंत चढते, तिथं क्षणभर श्वास घेते आणि मग एका लांब मींडेनं खाली उतरते. उतरताना निषादाजवळ किंचित अडखळते. जिना उतरताना कुणी हाक मारली आणि पाऊल जरासं थबकलं, तसं. मी दहा-अकरा वर्षांची होते. त्या अडखळण्यासाठी मी वेडी झाले होते.

रेडिओवरचं गाणं शिकायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. मागं नेऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. आज गाणं लागलं तर चार सुर पकडायचे, वहीच्या मागच्या पानावर लिहायचे आणि पुन्हा लागेल त्याची वाट बघायची. तीन आठवडे, कधी दोन महिने. तो सात-आठ सेकंदांचा तुकडा कागदावर पुरा उतरायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

आणि प्रत्येक वेळी निवेदक सांगायचे: चित्रपट अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक, गायिका अमुक. मग फर्माईश करणाऱ्यांची नावं. झुमरी तलैयाहून कोण कोण, त्यांचे भाऊ, भावजया, मित्रमंडळी. बिहारातलं (आता ते झारखंडात आहे) ते गाव आम्ही कुणी नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं, पण तिथल्या निम्म्या लोकांची नावं आम्हाला पाठ होती. सतार कुणाची, हे मात्र कुणी कधी सांगितलं नाही. मी एकदा वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, 'असेल कुणीतरी.'

तो 'कुणीतरी' माझा देव झाला. ज्याचं नाव नाही, तोंड पाहिलेलं नाही, असा देव.

नावाचं हे दुखणं तसं जुनंच. १९४९ साली 'महल' आला, तेव्हा त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. खरी गायिका कोण, असं विचारणारी पत्रं लोकांनी रेडिओला पाठवली, तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव पुढं आलं. गायकांना नाव मिळालं ते असं, लोकांनी विचारलं म्हणून. वादकांबद्दल कुणी विचारलंच नाही. एक अपवाद मला फार आवडतो. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं गाऊन सांगतात. सगळा देश त्या नावावर नाचला. पण त्या नावाचा एक खरा माणूस होता; गोव्यातल्या माजोर्ड्याचा, व्हायोलिन वाजवणारा, सिनेमाच्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपी लिहिणारा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचा तो व्हायोलिनचा गुरू. शिष्यानं गुरूचं नाव असं घराघरांत पोचवलं. ते २०१२ साली गेले. किती नाचणाऱ्यांना ठाऊक असेल की असा कुणी माणूस होता?

तर मिरज. सतार बिघडली की आमच्या भागातली माणसं मिरजेला जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब हे त्यातलं पहिलं मोठं नाव. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यान् पिढ्यांचा कान. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच राहिले. १९३७ साली मद्रासकडे प्रवासात त्यांचं निधन झालं, पण त्यांना आणलं मिरजेलाच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

माझ्या सतारीची जवारी गेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी हलक्या उतारानं घासलेला असतो. त्या उतारावर तार किंचित चाटून जाते, म्हणून सतारीचा सूर नुसता 'टण्' न वाजता गुंजत राहतो. वाजवून वाजवून तारेच्या घळी पडतात आणि आवाज बसतो, सर्दी झाल्यासारखा. मग कारागीर घोडी काढतो, कानशीनं दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा काढतो. हे काम घाईचं नाही. दुकानात बसून राहायचं, चहा प्यायचा.

त्या दिवशी माझ्या आधी एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते. पांढरा सदरा, पायजमा, मांडीवर कापडी पिशवी. दुकानातले चाचा त्यांना 'मास्तर' म्हणत होते. त्यांच्या सतारीचं काम संपत आलं होतं. चाचांनी सतार त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, 'मास्तर, बघा.'

त्यांनी पिशवीतून नखी काढली. बोटं वाकडी झालेली, संधिवाताची. नखी दोनदा निसटली. मग त्यांनी बाजाच्या तारेवर एक सूर घेतला, ऐकला, आणि मध्यमावरून वर चढायला सुरुवात केली. मी चहाचा कप खाली ठेवला. तार षड्ज. श्वास. आणि लांब मींड. निषादाजवळ तेच अडखळणं.

नक्कल करणारे मी पुष्कळ ऐकले होते. मीही त्यातलीच. पण आम्ही सगळे त्या जागी थांबतो, आणि हे गृहस्थ थांबले नव्हते. त्यांचा हात तिथं नुसता जाऊन आला होता, आपल्याच घराच्या उंबऱ्यावरून जावा तसा.

मी विचारलं, आणि आजही त्या प्रश्नाची लाज वाटते, 'काका, हे तुम्ही कुठं शिकलात?'

ते म्हणाले, 'शिकलो नाही. वाजवलं होतं.'

पुढचा तास-दीड तास मी माझी सतार विसरले. चाचांनी दोनदा हाक मारली म्हणे. काका मूळचे आमच्याच भागातले. तरुणपणी मुंबईला गेले आणि पंचवीस-तीस वर्षं चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात सतार वाजवली. मग गावी परतले. कधी या स्टुडिओत, कधी त्या, बरेचदा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये. शिफ्टवर काम, शिफ्टचे पैसे. गेलं की समोर कागद. व्हायोलिनवाल्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी, यांना सा रे ग म. गाणं कुठल्या चित्रपटाचं आहे हे पुष्कळदा विचारायचंही राहून जाई. संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. काही महिन्यांनी पानाच्या दुकानातल्या रेडिओवर आपलीच सतार ऐकू यायची. 'बरं वाटायचं,' म्हणाले. 'पानवाल्याला सांगितलं नाही कधी. त्यानं कशाला विश्वास ठेवावा?'

मी त्या अडखळण्याबद्दल विचारलं. वीस-पंचवीस वर्षं ती जागा मी तासन् तास घोटली होती. माझ्या विद्यार्थ्यांना 'ही खास हरकत, ही नीट लक्षात ठेवा' म्हणून शिकवली होती. काका हसायलाच लागले.

'अहो बाई, हरकत कसली? पडदा सरकला माझा.'

सतारीचे पडदे दांड्याला दोऱ्यानं बांधलेले असतात. त्यांच्या सतारीचा एक दोरा सैल झाला होता. मींडेसाठी तार जोरात ओढली, ती ओढ सुटत असताना पडदा हलला. सूर पडायला लागला म्हणून त्यांनी घाईनं पुन्हा ओढ दिली आणि सावरलं. त्या काळी सगळं एकदमच मुद्रित व्हायचं. गायिका, कोरस, साठ-सत्तर वादक, सगळे एका वेळी. एकाचं चुकलं तर सगळ्यांनी पहिल्यापासून. त्या दिवशी सात-आठ वेळा झालं होतं, आणि या खेपेला गायिकेचं अप्रतिम लागलं होतं. गाणं संपल्यावर काका मान खाली घालून बसले. आता आपल्याला बोलणार! आतून संगीतकारांचा निरोप आला, झालं, ठेवा. कुणाच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊन आवडलं, ते त्यांना कधी कळलं नाही.

मी म्हटलं, 'मग मुलांना आता काय सांगू?'

'राहू द्या. आता ती त्या गाण्याचीच झाली.'

मग मी त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, 'काका, मी हे नाव सगळ्यांना सांगणार. माझ्या कार्यक्रमात सांगेन, रेडिओवर संधी मिळाली तर तिथं सांगेन.' मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी सतार गवसणीत घालता घालता मान हलवली.

'नको. ते माझ्या एकट्याचं नाही.'

त्या ध्वनिमुद्रणाला दोन सतारी होत्या. मध्यमावरून चढत जाणारा भाग दुसऱ्यानं वाजवला होता. तार षड्जावर काकांनी उचललं आणि खाली आणलं. दोघांनी तो सांधा असा जुळवला होता की आजवर कुणाला दोन सतारी ऐकू आल्या नाहीत. मलाही नाहीत. दुसरा वादक वयानं मोठा होता. त्याला सगळे गावाच्या नावानं हाक मारत. पुढं तो दिसेनासा झाला. 'त्याचं खरं नाव मला कधी कळलंच नाही,' काका म्हणाले. 'मीही विचारलं नाही. आता तुम्ही माझं नाव घेतलंत, की लोक म्हणणार सगळी सतार याचीच. मग तो कायमचाच पुसला गेला ना?'

श्रोतेहो, म्हणून मी ते नाव घेत नाही, आणि गाण्याचंही सांगत नाही. गाणं कळलं की नाव शोधून काढणारे लोक आपल्याकडे आहेत. माझा देव दोन माणसांचा मिळून झालेला होता, आणि त्यातल्या एकाचं नाव दुसऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

इथं भेट संपली असती तर ही एक चांगली आठवण झाली असती. पण माझ्या पिशवीत माझी सीडी होती.

त्याच वर्षी मी ती काढली होती. भिशीचे पैसे आणि एक बांगडी त्यात गेली. दोन दिवसांत ध्वनिमुद्रण, पाचशे प्रती. मुखपृष्ठावर माझा फोटो, जांभळ्या पैठणीतला. मी मोठ्या कौतुकानं ती काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. पुढची बाजू वाचली, उलटी करून मागची वाचली, मग आतला कागद काढून उघडला आणि तोही वाचला. सावकाश, रेशनकार्ड वाचावं तसा, एकेका ओळीवर बोट ठेवून.

'तबला कुणाचा?'

मी नाव सांगितलं. आमच्याच गावातला मुलगा. एस. टी. च्या कार्यशाळेत नोकरी करून वाजवतो. माझ्याबरोबर तेव्हा अकरा वर्षं वाजवत होता. लग्नाच्या कार्यक्रमाला सतार-तबला असं दोघांचं ठरायचं, बिदागी निम्मी निम्मी. त्या दोन दिवसांसाठी त्यानं एक पैसा घेतला नव्हता.

'इथं नाही,' काका म्हणाले.

मी कारण सांगायला लागले. छपाई एकाच पानाची परवडत होती, दोन पानं केली तर खर्च वाढत होता, मुद्रणालयवाला म्हणाला मजकूर कमी करा... सगळं खरं होतं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या बोटाखाली शेवटची ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. ज्या दुकानानं फोटोसाठी पैठणी दिली होती, त्याचं नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक.

'साडी चांगली आहे,' ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद घडी घालून आत ठेवला, सीडी पिशवीत टाकली, नातवाच्या कॉम्प्युटरवर ऐकतो म्हणाले, आणि दुपारची पॅसेंजर गाठायला उठले. मी रिक्षापर्यंत गेले. गवसणी धरू का विचारलं, तर नाही म्हणाले.

घरी येऊन पलंगाखालची खोकी ओढली. तीनशे चाळीस प्रती शिल्लक होत्या. (विक्री काय होती, ते तुम्हाला यावरून कळेलच.) दुसऱ्या दिवशी मुद्रणालयात जाऊन चिकटपट्ट्या छापून घेतल्या. तबला, तानपुरा, ध्वनिमुद्रण, अशी तीन नावं. तानपुऱ्यावर माझी विद्यार्थिनी होती. तिचंही नाव राहिलं होतं. काकांनी तेवढं विचारलं नव्हतं, पण एकदा डोळा उघडला की सगळंच दिसायला लागतं.

तबलेवाल्याला दाखवायला घेऊन गेले. वाटलं, रागावेल, निदान, इतके दिवस बोललो नाही पण मनात होतं, असं काही म्हणेल. तो एवढंच म्हणाला, 'ताई, आता कशाला?' आणि मग तिथंच जमिनीवर बसून त्यानं दोनशेच्या वर पट्ट्या स्वतः चिकटवल्या, फूटपट्टी लावून. माझ्या चिकटवलेल्या तिरक्या होत होत्या म्हणून त्यानं त्या माझ्याकडून काढून घेतल्या. निघताना दोन प्रती मागितल्या. एक आईला, एक कार्यशाळेत दाखवायला. अकरा वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू.

आधी गेलेल्या एकशे साठ प्रतींचं काय? जेवढे लोक आठवले तेवढ्यांकडे पट्ट्या घेऊन गेले. बहुतेकांना सीडी सापडली नाही. माझ्या मावशीकडची मात्र लगेच सापडली. शेवग्याच्या झाडाला टांगलेली होती, पाखरं हाकलायला. मी तिच्यावरही पट्टी लावली. मावशीला अजून वाटतं, मला त्या दिवशी ऊन लागलं होतं.

महिनाभरानं एक पोस्टकार्ड आलं. पत्ता माझा, पण वर नाव तबलेवाल्याचं, मार्फत मी. त्यात चार ओळी होत्या. तबला ऐकला, ठेका स्वच्छ आहे, विलंबितात घाई करत नाही हे आवडलं, डाव्या हाताकडे लक्ष द्यावं. सतारीबद्दल शेवटी एकच वाक्य: बाईंना सांगावं, अजून मोकळी व्हायला हवी. ते कार्ड त्याच्या घरी देवघराशेजारी चौकटीत लावलेलं आहे. त्यातलं माझ्याबद्दलचं वाक्यही त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो.

काकांची पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी जवारीसाठी मिरजेला गेले, तेव्हा चाचांनी सांगितलं, मास्तर गेले.

आता या भाषणाची वेळ संपत आली आहे. यानंतर त्या सीडीतला एक तुकडा तुम्हाला ऐकवला जाईल. त्यातली नावं मी सांगत नाही. तबलेवाल्यानं मला तसं बजावूनच पाठवलं आहे. 'ताई, तुम्ही नका सांगू. गाणं लागायच्या आधी निवेदक सांगतात ना, तसं सांगायला सांगा.' तो आणि त्याची आई या वेळी घरी रेडिओजवळ बसलेले आहेत. मी निवेदिकेच्या हातात चिठ्ठी दिली आहे. त्याच्या आडनावात एक जोडाक्षर आहे, तिथं लोक चुकतात. ते मी लाल शाईनं लिहिलं आहे.